रेघेच्या वरचं तेल

मी या घरात सून म्हणून आले, तेव्हा एक सून आधीच होती. मागच्या शेडमध्ये उभी असायची. नाक लांब, आवाज मोठा, वजन कित्येक टन. सासरे तिला थोरली म्हणायचे. "थोरलीला ऊन लागतंय, ताडपत्री ओढा." "थोरलीच्या मडगार्डवर कोणी डबा ठेवला?" मला ताप भरला होता, तेव्हा मात्र त्यांनी दारातूनच विचारलं, "मग आज स्वयंपाकाचं काय?"

थोरली हा डिझेलचा ट्रक. महायुद्ध संपलं, रणगाडे ओतणाऱ्या कारखान्यांकडे लोखंड आणि साचे उरले, गिऱ्हाईक उरलं नाही. मग त्याच हातांनी मालाच्या गाड्या बनवायला घेतल्या. पूल पडलेले, रस्ते उखडलेले, धरणं बांधायची होती. त्यामुळे थोरलीत सगळंच गरजेपेक्षा जाड. चासीच्या पट्ट्या रिव्हेट मारून जोडलेल्या, केबिन लाकडी सांगाड्यावर पत्रा ठोकून केलेली, स्टिअरिंग फिरवायला मनगट नाही, खांदा लागतो. गियर बदलताना क्लच दोनदा दाबायचा, नाहीतर गियरबॉक्स गल्लीभर किंचाळतो. इंजिनाला ठिणगी लागत नाही. हवा इतकी दाबायची की ती आपोआप तापते, मग डिझेलचा एक फवारा पडला की भडका. हे मी कॉलेजात शिकले होते. घरात त्याचं प्रात्यक्षिक सासरे रोज देत.

आजेसासऱ्यांनी थोरलीवर धरणाचं सिमेंट ओढलं, सासऱ्यांनी खाणीतला दगड. आता ती माल ओढत नव्हती, माणसं ओढत होती. माझा नवरा गॅरेजातून थकून यायचा आणि थेट तिच्याखाली सरपटायचा. गेलं वर्षभर इंजिन खोललेलं होतं. पिस्टन नवे, रिंगा नव्या, सगळं बसवून झालं होतं. उरलं होतं ते फक्त चालू करणं.

आणि इथेच मी आडवी आले. कारण या घराची एक रीत होती. इंजिन खोलून बसवलं की पहिलं बटण घरातल्या सगळ्यात लहान मुलाने दाबायचं, ड्रायव्हरच्या सीटवर बसून. सासऱ्यांनी दाबलं होतं, माझ्या नवऱ्याने दाबलं होतं. आता पाळी आमच्या मुलीची, ठमीची. ठमीला अजून धड तीन वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

"ती बसणार नाही," मी म्हटलं.

"बसेल," सासरे म्हणाले. त्यांनी मान वरसुद्धा केली नाही.

"बाबा, तिला कशाला? खाली उभी राहून टाळ्या वाजवेल."

"टाळ्या वाजवायला गाव पडलंय. सूनबाई, तुमच्याकडे मुलांना कापसात ठेवतात. आमच्याकडे लोखंडावर बसवतात."

"हो, म्हणूनच तुमच्या मुलाच्या गुडघ्याला टाके आहेत."

नवरा हसला, मग बापाकडे बघून खोकला. हा त्याचा स्वभाव. दोघांच्या मध्ये उभा राहायचा आणि कोणाचीच बाजू घेतली असं वाटू द्यायचं नाही.

मी त्या दिवसांत डोळ्यांत तेल घालून बघत होते. सुटे नट, ब्लेड, बॅटरीचं अ‍ॅसिड, ठमीच्या तोंडात जाईल असं काहीही. म्हणूनच ते मला दिसलं. हवेच्या फिल्टरखाली एक पत्र्याची वाटी असते, तिच्यात तेल भरतात. आत येणारी हवा त्या तेलावरून जाते, धूळ तेलाला चिकटते. वाटीच्या आत, पत्र्यातच उठवलेली एक रेघ आहे, तेल तिथवर. सासरे कॅन तिरका करून ओततच होते. रेघ बुडाली, तरी ओतत होते.

"बाबा, रेघ खाली गेली."

"मग?"

"मग तेल जास्त झालं ना?"

"रेघ कंपनीने भित्र्या लोकांसाठी मारलीय," ते म्हणाले. "खाणीच्या धुळीत आमच्या बापाने कधी रेघ बघितली नाही. तेल जास्त, हवा साफ. तुझ्या पुस्तकात नसेल."

पुस्तकात खरंच नव्हतं. जास्त तेलाने काय होतं हे मला ठाऊक नव्हतं. रेघ कोणीतरी कशासाठी तरी मारली असेल, एवढंच वाटत होतं. मी नवऱ्याला म्हटलं, तर तो म्हणाला, "अगं, ते चाळीस वर्षं हेच करतायत." पण चाळीस वर्षं वाटीत इंजिनातून काढलेलं जळकं, जाड तेल पडत होतं. आज पहिल्यांदाच नवं होतं, पाण्यासारखं पातळ. हा फरक तिथे कोणालाच खटकला नाही. मलाही नाही.

शेवटी तह झाला. ठमी बसेल, पण माझ्या मांडीवर, आणि दार उघडं राहील. सासरे म्हणाले, "पदराला बांधूनच बस म्हणजे झालं." शेजारचे दोन मेकॅनिक बघायला आले होते, ते हसले. मी चढले. सीट खडबडीत, खाली स्प्रिंग टोचत होती. ठमीला मजा वाटत होती. सासरे पायरीवर उभे राहिले, अर्धे आत, अर्धे बाहेर. नवरा उघड्या बॉनेटपाशी.

"दाब, माझी वाघीण!"

ठमीने दोन्ही अंगठ्यांनी बटण दाबलं. थोरली कण्हली, हलली आणि धडधडायला लागली. माझे दात वाजत होते. ठमी खिदळत होती. खरं सांगायचं तर आवाज चांगला होता, खोल, एका लयीत.

सासऱ्यांनी हात घालून अ‍ॅक्सिलरेटर तळव्याने दाबला. इंजिन गरजलं. त्यांनी हात काढला.

इंजिन खाली आलं नाही.

उलट चढत गेलं. मागून निळसर पांढरा धूर उसळला. सासऱ्यांनी इंजिन बंद करायची तार ओढली, डिझेल तोडलं. काही फरक नाही. थोरली डिझेलवर चालतच नव्हती. वाटीतलं पातळ तेल हवेबरोबर खेचून पीत होती. सासऱ्यांचा चेहरा मी पाहिला. त्यांना कळलं होतं, मला ते नंतर कळलं.

"पोर दे!" त्यांनी ठमीचा दंड धरला.

मी दिली नाही. मला वाटलं, ते तिला आणखी काही दाबायला लावणार. वर्षभर त्यांनी माझं काहीही ऐकलं नव्हतं, त्या क्षणी मी त्यांचं का ऐकावं? ते ओढत होते, मी ओढत होते, ठमी मध्ये किंचाळत होती आणि थोरली तिच्याहून मोठ्याने. मी त्यांच्या मनगटाला चावले. त्यांनी शिवी दिली, दुसऱ्या हाताने माझी वेणी धरली आणि आम्हा दोघींना मिळून खाली ओढलं. आम्ही सिमेंटवर पडलो, ठमी माझ्या पोटावर. सासरे "हवा बंद कर! फिल्टरच्या तोंडाला पाट लाव!" असं ओरडत नवऱ्याकडे धावले, पण तो आवाजात हरवून नुसता उभा होता.

मग घण पडावा तसा एक ठोका आला आणि शांतता. इंजिनाच्या कुशीला भगदाड पडलं होतं. त्यातून पिस्टनचा दांडा मोडक्या कोपरासारखा बाहेर आला होता. तापलेलं तेल जमिनीवर पसरत होतं. लोखंडाचा एक तुकडा केबिनच्या पत्र्यातून आरपार गेला होता, पेडलच्या वर, जिथे ठमीचे पाय लोंबत होते.

नवऱ्याने वाटी काढून उलटी केली. एक थेंब पडला नाही. तो बापाकडे बघत राहिला. या वेळी खोकला नाही.

सासरे मनगट दाबून बसले. "तू सोडली असतीस ना पहिल्या हाकेला," ते मला म्हणाले, "तर मी हवेच्या तोंडाला पाट लावला असता. इंजिन वाचलं असतं."

"तुम्ही तिला बसवलंच नसतंत तर?"

"रीत आहे."

"ते भोक बघा आधी, मग रीत सांगा."

त्यांनी बघितलं. मेकॅनिक हळूच निघून गेले. मग सासरे उठले, त्या भोकात बोट घालून फिरवलं आणि म्हणाले, "दुसरं इंजिन बघावं लागेल."

"बघा," मी म्हटलं.

"बसवायला वर्ष जाईल. तोवर ही मोठी होईल. तिला कळेल."

"तिला कळेल तेव्हा ती स्वतः नाही म्हणेल. तोवर मी म्हणते."

त्यांनी ठमीकडे हात पसरले. मनगटाचं रक्त कोपरापर्यंत ओघळलं होतं. "ये गं, आजोबांकडे ये." आणि ती निघालीच, हसत, जणू काही झालंच नव्हतं. मी तिच्या फ्रॉकची पाठ मुठीत धरली.

"किती दिवस धरशील?" सासऱ्यांनी विचारलं.

मी मूठ सोडली नाही. ठमी पुढे ओढत राहिली, आणि पहिल्यांदाच नवरा मध्ये उभा न राहता माझ्या बाजूने, तिची वाट अडवून खाली बसला.