कानाए सुगिउराची माफी

हात मिळवायची रांग लागली की कानाए सुगिउराचा चेहरा आपोआप हसायचा. नागोयातल्या त्या पोरींच्या गाण्याच्या गटात शिकवणच तशी होती. सीडी घेणाऱ्या चाहत्याचा हात दोन्ही हातांनी धरायचा, डोळ्यांत बघायचं, आणि रांग हलवायला ठेवलेला माणूस त्याला मागून खांद्याला धरून बाजूला ओढेपर्यंत सोडायचा नाही.

म्हणूनच नेहमीच्या एका चष्मेवाल्याने बाहीतून कटर काढला तरी तिने हात सोडला नाही. पातं तळव्यात रुतलं, मेजावरचं पांढरं कापड लाल झालं, आणि ही बया हसतेच आहे!

"पोराबरोबर फिरतेस? आम्ही काय मूर्ख?" तो दातओठ खात म्हणाला. गटातल्या पोरींनी कोणावर प्रेम करायचं नाही, चाहत्यांचंच राहायचं, असा नियम होता.

खांदे ओढणाऱ्याला वाटलं, गडी रोजच्यासारखा चिकटलाय. "वेळ झाली, चला पुढे," म्हणत त्याने हिसका दिला. त्या हिसक्याने पातं आरपार गेलं. शेजारच्या मेजावर हात मिळवणारी गटातलीच चिमुरडी मिचिरू तेवढी किंचाळली, तेव्हा कुठे लोक धावले.

दोन बोटं कायमची वाकडी झाली. व्यवस्थापक होत्ता दवाखान्यात आला तो महागडं खरबूज घेऊन.

"लोकांना त्रास झाला, रंगमंचावर माफी माग," तो म्हणाला.

"होत्तासान, कापलं मला!"

"कळतंय गं. पण तू वाकलीस की प्रकरण मिटेल. मग गाताना सगळ्यांच्या पुढची, मधली जागा तुझीच."

त्या मधल्या जागेसाठी तिने शाळा सोडली होती, बापाशी बोलणं सोडलं होतं. ती तयार झाली.

रंगमंचावर पाठ सवयीने वाकली. तेवढ्यात शेजारी आणखी एक डोकं खाली आलं. मिचिरू हुंदके देत म्हणत होती, "मी ओरडले, म्हणून सगळे घाबरले. माफ करा."

कानाएचं टाळकंच सटकलं. पट्टी बांधलेल्या हाताने तिने पोरीची कॉलर धरली आणि खसकन वर ओढली. टाके तुटले, कॉलर रक्ताने माखली.

"सरळ उभी राहा! तू ओरडलीस म्हणून मी जिवंत आहे!"

चाहत्यांच्या हातातल्या चमकत्या कांड्या भिरभिरत आल्या, एकीने तिची भुवई फोडली. "निघ, भवाने!" कोणीतरी ओरडलं. होत्ताने केसांना धरून तिला पडद्यामागे नेलं आणि थोबाडीत मारली. त्यानंतर तिची गाण्याची कारकीर्द वर्षभरही टिकली नाही.

आता इतक्या वर्षांनी ती तोयोहाशीत जेवणाचे डबे विकते. तिची गाणी कोणी गुणगुणत नाही. खरं सांगायचं तर ती गाणी यथातथाच होती.

परवा दुकानात दोन शाळकरी पोरी आल्या. एका पुरुषाने धक्का मारला, आणि धक्का खाल्लेलीच माफी मागत वाकली. दुसरीने तिला कॉलरला धरून वर ओढलं. "कानाए केलं तुला!"

"कानाए म्हणजे?" काउंटरमागून हिने विचारलं.

"आपली चूक नसताना कोणी वाकलं की असं ओढायचं, काकू. नाचाच्या मिचिरूबाईंनी शिकवलंय. त्यांच्या वर्गात कोणी फुकट माफी मागत नाही."

"आणि कानाए कोण?"

"कोण म्हणजे? नुसतं म्हणतात तसं."

कानाए आत गेली आणि तळणीपाशी उभी राहून मोठमोठ्याने रडली. बाहेर पोरी हाका मारत होत्या, "काकू, आमचे डबे?"