चालू वर्तमानकाळ

“स्विमिंग! ही इज स्विमिंग!” सगळा वर्ग एका सुरात ओरडला. त्यात पहिला आवाज बाईंचाच होता.

फळ्यासमोर वेल्डर दोन्ही हात वर करून उभा होता. त्याने हात खाली घेतले नाहीत, उलट आणखी ताणले. हनुवटी वर उचलली, तोंड उघडलं, मिटलं. मागच्या बाकावरची नर्स हसता हसता थांबली.

एका गोदामाच्या माडीवर बाई संध्याकाळी कामकरी माणसांना इंग्रजी शिकवायच्या. चालू वर्तमानकाळाची त्यांची रीत ठरलेली होती. एकाने पुढे येऊन मुक्यानेच काहीतरी करून दाखवायचं, बाकीच्यांनी तो काय करतोय ते सांगायचं. त्या दिवशी आचाऱ्याने नसलेला कांदा चिरून डोळे पुसले होते, ड्रायव्हरने खुर्चीत बसून गाडी हाकली होती. हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली होती.

“पोहत नाहीये, बाई,” वेल्डर म्हणाला. “बुडतोय. त्याला काय म्हणतात?”

बाईंनी शब्द सांगितला. त्याने तो पुटपुटून पाहिला, मग वर्गाकडे वळून शिकवल्याप्रमाणे पूर्ण वाक्य म्हटलं, “माय ब्रदर इज ड्राउनिंग.”

बाईंनी वर्ग लवकर सोडला. पण घरी भाजी निवडताना, केस विंचरताना ते वर ताणलेले हात त्यांच्या डोळ्यांपुढून हलेनात.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या त्याच्या शेडमध्ये गेल्या. त्याने हातातलं काम बाजूला ठेवलं आणि न विचारताच सांगितलं. धरणाच्या पाण्यात दादाने हात वर केले, तेव्हा काठावरच्या सगळ्यांना तो मजेत पोहतोय असंच वाटलं. यानेही हसत हात हलवला. दादा नंतर सापडलाच नाही.

परदेशातल्या जहाजबांधणीच्या नोकरीसाठी वेल्डरची इंग्रजीची तोंडी परीक्षा जवळ आली होती. बाईंनी चाचरत सांगितलं, की घडून गेलेल्या गोष्टीला ‘वॉज’ लावतात.

“ठाऊक आहे, बाई,” तो म्हणाला. “पण घडून गेलं कुठे? वेल्डिंगचा मुखवटा तोंडावर ओढला की काळोखात तेच चालू असतं.”

पुढे रोज वर्ग सुटल्यावर बाई त्याला परीक्षेत दाखवतात तसली चित्रं दाखवून वाक्यं घोकवून घ्यायच्या. पाण्याची चित्रं तेवढी आधीच काढून ठेवायच्या.

परीक्षेच्या दिवशी तो तडक माडीवर आला. पास झाला होता. पण चेहऱ्यावर आनंद दिसेना. म्हणाला, चित्र नेमकं नदीचं निघालं. कपडे धुणारी बाई, सायकल पुसणारा म्हातारा, सगळं त्याने बिनचूक सांगितलं. मग साहेबाने पाण्यातल्या माणसावर बोट ठेवलं.

“मग?” बाईंनी विचारलं.

“काही केल्या शब्द फुटेना. शेवटी म्हटलं, ही इज कमिंग.” त्याने बाईंकडे पाहिलं. “चालतं ना तसं?”

“वाक्य बरोबर आहे,” बाई म्हणाल्या.

त्याने मान हलवली आणि तो जिना उतरू लागला. बाई जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. त्याच्या बुटांचा आवाज खाली रस्त्यावर विरून गेला, तरी त्यांच्याने आत जाववेना.