वास नसलेलं बंदर

गावात शिरताच चांगुणाबाईंनी गाडीची काच खाली करायला लावली आणि नाक वर केलं. वास येईना. सुकटीचा नाही, जाळ्यांचा नाही, डिझेलचासुद्धा नाही.

"हे कसलं रे कोळ्यांचं गाव?"

"शेकडो वर्षांचं फिशिंग व्हिलेज आहे आये. शांतता बघ कशी," मुरलीधर म्हणाला.

मँचेस्टरहून सहा-सात तास गाडी हाकत त्याने आईला स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर आणलं, त्यामागे कारण होतं. हर्णैचं घर होमस्टेला द्यायचं त्याच्या मनात होतं. तिथलं सगळं बघायला चुलतभाऊ कमलाकर एका पायावर तयार होता. बाकी होता तो आईचा होकार. चार महिने ती मुलाकडे राहत होती आणि विषय निघाला की "बघू" म्हणून गप्प बसत होती. रंगवलेली घरं, स्वच्छ धक्का डोळ्यांनी बघितला की ती विरघळेल, असं त्याला वाटत होतं.

भाड्याच्या घरापाशी त्याने मोबाइलमध्ये बघून दाराशेजारच्या लोखंडी पेटीचे आकडे जुळवले आणि आतून किल्ली काढली. चांगुणाबाईंनी गल्लीभर नजर टाकली. दारोदार तसल्याच पेट्या. दोरीवर कपडा नाही, उंबऱ्यात म्हातारं माणूस नाही.

"माणसं कुठं गेली?"

"सगळी हॉलिडे होम्स आहेत. लोक येतात, राहतात, जातात."

"म्हणजे पाव्हणेच पाव्हणे. घरचं कुणीच नाही."

सून अक्षया पुण्याची, हॉस्पिटलात डॉक्टर. एरवी सासूच्या अशा बोलण्याला ती हसायची. आज मुकाट्याने बॅगा आत घेऊन गेली.

आत भिंतीवर जाळं टांगलं होतं, कधी पाण्यात न बुडालेलं. त्याखाली जुना फोटो. पाठीवर मासळीच्या टोपल्या घेतलेल्या चार बायका, मधली कमरेवर हात ठेवून उभी. चांगुणाबाई त्या फोटोपुढून हलेनात. त्यांनीही तीस वर्षं डोक्यावर पाटी वाहिली होती.

"ह्या कोण?"

"डेकोरेशन आहे गं ते."

संध्याकाळी धक्क्यावर फिरताना एक होडी दिसली. निळी, काठोकाठ मातीने भरलेली, त्यात लाल-पांढरी फुलं. पर्यटक तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढत होते. चांगुणाबाई खाली वाकल्या आणि तळाला हात लावून बघितला. बोट भोकात गेलं. एक, मग दुसरं, मग तिसरं. त्यांनी हात पदराला पुसला. नवरा गेल्याला नऊ वर्षं झाली, पण त्याची होडी हर्णैच्या अंगणात माडाखाली पालथी होती. दर नारळी पौर्णिमेला त्या तिला तेल लावत, हळदकुंकू वाहत. तिच्यात चपला घालून पाय ठेवायची पोराटोरांची छाती नव्हती.

"घरचं माणूस मेल्यावर त्याच्या पोटात माती भरतात का रे?"

मुरलीधर फोनमध्ये बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी तिघं शेजारच्या गावाला गेले. तिथे अजून बोटी लागत होत्या. लांबूनच वास आला आणि चांगुणाबाईंची चाल बदलली. पिवळ्या रबरी कपड्यातल्या एका दाढीवाल्याने चिंबोरी पुढे केली. बाईंनी ती उलटी करून पोटाशी अंगठा दाबला आणि त्याच्या हातात परत दिली. पोकळ होती. गडी खो खो हसला, पेटीच्या तळातून दुसरी काढली, ती भरलेली होती.

"म्हणतोय, टुरिस्टना वरची देतो," अक्षया म्हणाली. "तुम्ही धंद्यातल्या आहात हे आधी का नाही सांगितलंत, असं विचारतोय."

"त्याला म्हणावं, मीसुद्धा हेच करायचे."

त्या सहलीत बाई तेवढ्या एकदाच हसल्या.

शनिवारी घर सोडायचं होतं. दहाला बेल वाजली. सत्तरीची, राठ हातांची एक बाई बादली आणि चादरी घेऊन आत आली. मोइरा तिचं नाव. चांगुणाबाईंना फोटोपुढे बघून ती थांबली, मधल्या बाईवर बोट ठेवलं, मग स्वतःच्या छातीवर.

"तिची आजी," अक्षया म्हणाली. "हे घर त्यांचं होतं. ही वरच्या खोलीत जन्मली. भावाने विकलं. आता ती चार गावं पलीकडे राहते, बसने साफसफाईला येते."

"मुरल्या, विचार तिला. घर गेल्याचं काय वाटतं?"

मुरलीधरने विचारलं. मोइरा चादर झटकत बराच वेळ बोलली.

"म्हणते, बरंच झालं. घर नीट राखलंय लोकांनी."

"मुरली, असं नाही म्हणाली ती." अक्षयाचा आवाज चढला. "आई, ती म्हणाली, या दाराला आमच्या वेळी कधी कुलूप नव्हतं. आता दर शनिवारी मी माझ्याच दाराची बेल वाजवते, आणि दार उघडणारा मला विचारतो, तू कोण."

चांगुणाबाई मुलाकडे वळल्या. "ऐकलंस? आता माझंही ऐक. नाही. कमलाकरला आजच कळव."

मुरलीधरने फोन काढला, पण लावला नाही.

"सांग आता त्यांना," अक्षया म्हणाली. "की मी सांगू?"

त्याने फोन पुढे केला. "तू निघालीस ना आये, त्याच आठवड्यात कमलाकरने काम काढलं. तुला सरप्राइज द्यायचं होतं."

फोटोत हर्णैचं घर पिवळं झालं होतं. दाराशेजारी लोखंडी पेटी. अंगणात होडी उताणी, मातीने भरलेली, वर झेंडू.

"होडी टाकली नाही बघ. बाबांची आठवण म्हणून मुद्दाम ठेवली."

"तळाला भोकं पाडली?"

"पाणी साचतं गं. झाडं कुजतात."

बाईंनी फोन परत दिला. त्या पलंगापाशी गेल्या आणि मोइराच्या हातातल्या चादरीचं दुसरं टोक धरलं.

"अक्षया, हिला म्हणावं, ही कशी घालतात ते नीट दाखव. हर्णैला गेल्यावर मला हेच काम करायचंय."

अक्षयाला ते इंग्रजीत सांगवेना. मोइराला वाटलं, पाहुणी मदत करतेय. तिने कोपरा कसा दुमडायचा ते दाखवलं.