आळशीची बोली

"मुडदा बशिवला तुझा! सोड मला, सोड!"

कंपाउंडर टोचणी हातात धरून थबकला. बंगल्यावर पोर सांभाळणाऱ्या गोजरबाईच्या मांडीवर ती पाच वर्षांची पोर तडफडत होती. तांबूस केस घामानं कपाळाला चिकटलेले, गाल लालभडक, आणि तोंडात बावडा गावच्या बायकांची शिवी. समोर वेताच्या खुर्चीत पोरीची आई, साखर कारखान्याच्या इंजिनिअरसाहेबाची मडम, कोरे दाखले घेऊन बसली होती. देवी टोचल्याचा शिक्का असल्याशिवाय मुंबईला आगबोटीत पाय ठेवू देत नाहीत, म्हणून सकाळपासून हा कार्यक्रम चालला होता.

"धरा नीट बाई," कंपाउंडर म्हणाला, "नाहीतर हिच्याऐवजी तुम्हालाच टोचायचो."

"टोचा की. मला कुठं विलायतंला जायाचंय?"

गोजरबाईनं पोरीचं मनगट काखेत दाबलं आणि कानाशी पुटपुटली, "आळशे, त्यो बघ, लिंबावर व्हला बसलाय."

"कुठाय?"

पोरीनं मान वळवली तेवढ्यात कंपाउंडरनं काम उरकलं.

पोरीचं खरं नाव एल्सी. बंगल्यावरच्या माणसांच्या तोंडात पहिल्याच आठवड्यात त्याची आळशी झाली. कुणी नाव विचारलं की पोरगी स्वतःही "आळशी" असंच ठणकावून सांगे. तिचा जन्म इथला, इंदापूरच्या मुलखातला. आई-बाप इंग्रजीत बोलले की तिला सगळं समजे. पण उत्तर ती मराठीत देई, आणि तेही गोजरबाईच्या मराठीत.

"काय म्हणाली ती?" मडमेनं इंग्रजीत विचारलं. चहा घेऊन आलेल्या रावजी खानसाम्यानं ते इंग्रजीतच सांगितलं. पुण्याला गोऱ्या शिपायांच्या खानावळीत त्याची उमर गेली होती. त्यानं काय सांगितलं ते गोजरबाईला कळलं नाही. पण मडमेचा चेहरा तिनं पाहिला. कंपाउंडर हसत होता. मडम हसली नाही.

"गोजरबाई," ट्रे उचलताना रावजी हळूच म्हणाला, "तुमच्या शिव्या निघाल्या बगा आगबोटीनं."

त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी मडमेनं तिला सामानाच्या खोलीत बोलावलं. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. काही ट्रंका आगबोटीच्या पोटात जायच्या, काही बोटीवरच्या खोलीत बरोबर ठेवायच्या. दोन्हींचे ढीग वेगळे, आणि त्यांची सरमिसळ झाली की मडम कपाळाला हात लावून मटकन खाली बसे. ट्रंकांवर पांढऱ्या रंगानं नाव घातलेलं, ते अजून वाळायचं होतं. लोकरीच्या कपड्यांतून डांबरगोळ्यांचा वास येत होता. गेले कित्येक दिवस गोजरबाई ते कपडे उन्हात घालत होती, झटकत होती, परत घड्या करत होती. रात्री पाठ टेकली तरी तो वास नाकातून जात नसे.

मडम बोलत गेली आणि रावजी सांगत गेला.

"मडमची आई तितं एकटी असती. समिंदराकाठी. नवरा वारला. तिनं नातीला फोटूतच बगितलीया. आता ही पोरगी तितं जाऊन म्हातारीला 'मुडदा बशिवला' म्हनाली, तर कसं व्हायचं?"

"न्हाय म्हननार ती. मी सांगती तिला."

"तसं न्हाय. म्हातारीला पोरीची बोलीच कळनार न्हाय. म्हनून मडम म्हनत्यात, उद्यापास्नं पोरीशी मराटी बंद."

गोजरबाईनं मडमेकडं पाहिलं. मडम तिच्याकडं न बघता पायमोज्यांच्या जोड्या लावत होती.

"मग मी काय बोलू? मला दुसरी बोली कुठं येती?"

रावजीनं विचारलं. मडम हळू आवाजात काही बोलली.

"कायबी बोलू नका म्हनत्यात. हातानं दावायचं."

गोजरबाईला बावड्याची सासू आठवली. साखरबाई. नातीनं हाक मारली नाही तर त्या बाईच्या घशाखाली घास उतरत नसे. एवढा समुद्र ओलांडून नात यायची आणि आजीला तिचा शब्द कळायचा नाही, हे काही बरं नव्हे.

"बरं," ती म्हणाली.

अंगावरचं दूध तोडताना कडुनिंब वाटून लावतात. पोर एकदा तोंड लावतं, दोनदा लावतं, रडतं, मग आपसूक दूर होतं. नकोशीचं, स्वतःच्या लेकीचं, तिनं असंच तोडलं होतं, बंगल्यावर कामाला लागायच्या आधी. पण बोली तोडायला काय लावायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिनं नुसते ओठ मिटले.

पहिल्या दिवशी पोरीला तो खेळच वाटला. ती गोजरबाईच्या तोंडात बोटं घालून जीभ शोधू लागली. दुसऱ्या दिवशी तिनं मुद्दाम दुधाचा पेला उपडा केला आणि शिवीची वाट बघत उभी राहिली. गोजरबाईनं फडकं आणून दूध पुसलं.

"भैरी झाली व्हय गं?" पोरगी कानाशी येऊन ओरडली. "गोजर! ए गोजर! मी हिरीत पडू का?"

गोजरबाईनं मान हलवून नाही म्हटलं आणि तिच्या बुटाची नाडी बांधली. संध्याकाळपर्यंत तिचा जबडा दुखायला लागला. दिवसभर दळण दळलं तरी एवढा थकवा येत नाही, असं तिला वाटलं.

सुटीच्या दिवशी ती बावड्याला घरी गेली. नवरा म्हस्कू मेंढरं घेऊन लांब चरणीला गेलेला; घरात साखरबाई आणि नकोशी. चुलीपुढं बसून गोजरबाईनं भाकरी खाल्ली आणि पाणी मागायचं ते तांब्याकडं बोट दाखवून मागितलं.

"आता गं बया!" साखरबाई म्हणाली. "मडमनं जीब काडून ठिवली का काय तुझी? घरात नकोशी, बंगल्यात आळशी, आन तू झाली मुकी. नावं तर एकापरीस एक हायती."

गोजरबाईला हसू आलं. मग तिनं सगळं सांगितलं. नकोशी पाटीवर हिशेब करता करता ऐकत होती. ती चौथीत होती. वर्गातली पुस्तकं संपवून गुरुजींची मागून आणायची.

"आगबोट सुएझच्या कालव्यातनं जाती," नकोशी म्हणाली. "आमच्या भूगोलात हाय."

"कालव्यातनं आगबोट?" साखरबाईनं तिच्याकडं रोखून पाहिलं. "आपल्या कालव्यात म्हस धड उतरत न्हाय. तितं पानी सोडाया पाटकरी कोन हाय मग?"

नकोशी हसली नाही. तिनं आईला विचारलं, "आळशी गेली की तू घरी ऱ्हानार?"

"सा म्हैन्यांनी येत्याल की त्ये परत. बंगला राखाया नको?"

नकोशीनं पाटीवरचा हिशेब थुंकी लावून पुसला आणि नव्यानं मांडायला घेतला.

बंगल्यावर परत आली तेव्हा पोरीचा छोटा पलंग ओसरीवर काढलेला होता आणि दोन गडी तो गाडीत चढवत होते. गादी, मच्छरदाणीच्या काठ्या, सगळंच.

"ह्यो कुठं न्हेत्यात?"

"डाक्टरच्या घरी," रावजी म्हणाला. "दिऊन टाकला मडमनं."

"आन पोरगी आल्यावर कशावर निजंल?"

रावजीनं खांद्यावरचं फडकं काढलं, झटकलं, परत खांद्यावर टाकलं.

"पोरगी यायची न्हाय, गोजरबाई. आजीपाशी ठिवून तितल्याच साळंत घालनार. साहेब आन मडम तेवडी येत्याल."

"तुमाला कवापास्नं ठाव हाय?"

"लई दिवस झालं."

ती आत गेली. अर्धवट भरलेली ट्रंक उघडी होती. पोरीचे लोकरीचे पायमोजे घडी करायचे राहिले होते. आता तिला दिसलं, की ते पोरीच्या पायापेक्षा बरेच मोठे आहेत. पुढच्या साली होतील असे, आणि त्याच्या पुढच्या. तिनं ते सगळे घडी करून लावले. मधे डांबरगोळ्या ठेवल्या. झाकण बसेना तेव्हा वर बसून कडी घातली.

त्यानंतर बोलायची उबळ येईनाशी झाली. उलट तोंड उघडायचीच भीती वाटू लागली; एक शब्द सुटला तर मागचे सगळे बाहेर येतील असं वाटे. पोरगीही हळूहळू शांत झाली. आधी ती कुत्र्याशी इंग्रजी बोलायला लागली, मग आईशी. एका दुपारी ती गोजरबाईजवळ आली आणि तिनं इंग्रजीत काहीतरी विचारलं. गोजरबाईला कळलं नाही. पोरीनं परत तेच विचारलं आणि मग ती आईच्या खोलीकडं निघून गेली. आतून दोघींच्या बोलण्याचा आवाज येत राहिला. हेच तर व्हायला हवं होतं. गोजरबाई ओसरीवर बसून बुटांना पॉलिश करत राहिली.

जायच्या दिवशी कारखान्याच्या लॉरीतून सामान आणि जीपमधून माणसं बारामतीला आली. पोरीला सांभाळायला गोजरबाई बरोबर होती. दौंडला जाणारी छोटी गाडी उभीच होती. फलाटावर गुळाच्या ढेपांची थप्पी लागलेली, तिच्यावर माशा, आणि मधून हमालांची ये-जा. ट्रंका चढल्या, उकळलेल्या पाण्याचे थर्मास चढले, बिस्किटांचे डबे चढले. साहेब पहिल्या वर्गाच्या डब्यात चढला आणि पोरीला घ्यायला त्यानं हात पुढं केले.

पोरगी एकदम मागं सरली. तिनं गोजरबाईचं लुगडं दोन्ही मुठींत धरलं.

"मला न्हाय जायाचं!"

साहेब खाली उतरला. त्यानं तिला उचलायला बघितलं तर ती त्याच्या मनगटाला चावली.

"न्हाय जायाचं मला! गोजर, तू बोल की गं! तू येनार का न्हाय? बोल की!"

इतक्या दिवसांची तुंबलेली बोली भडाभडा बाहेर पडत होती. तिसऱ्या वर्गाच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली.

"आगं आयाई, गोरी पोर आपल्यावानी बोलतीया की!"

"कुनाची वो?"

"अहो, सोडा की तिला, रडतीया किती!"

गार्डानं घड्याळ पाहिलं आणि शिट्टी तोंडाजवळ नेली. मडम डब्यातून खाली आली. तिची टोपी एका बाजूला कलली होती. गेल्या काही दिवसांत ती फार वाळली होती, हे गोजरबाईला पहिल्यांदाच दिसलं. तिनं गोजरबाईच्या दंडाला हात लावला. असा हात तिनं कधी लावला नव्हता.

"बोलो," मडम म्हणाली. "गोजर, मराठी बोलो. कुछ भी बोलो."

गोजरबाईनं तोंड उघडलं. ती उकिडवी बसली, पदरानं पोरीचं नाक पुसलं.

"आळशे," ती म्हणाली.

पोरगी रडायची थांबली.

"तू म्होरं हो. मी आलेच."

हे शब्द जिभेवर तयारच होते. नकोशीला साखरबाईजवळ ठेवून पहिल्यांदा बंगल्यावर निघाली, तेव्हाही ती हेच म्हणाली होती. नकोशी तेव्हा लगेच गप्प झाली होती. आठवड्यानं आई परत आली तेव्हा त्या पोरीनं त्या शब्दाबद्दल काहीच विचारलं नाही, आणि पुढंही कधी नाही.

"खरं?"

"व्हय. ह्यो साहेब लोकांचा डबा हाय, मला हितं बसून देत न्हाईत. मी मागच्या डब्यात बसती."

"कंच्या मागच्या?"

"शेवटच्या. जा बरं. मडम वाट बगत्यात."

पोरीनं तिच्या डोळ्यांत पाहिलं. मग मुठी सोडल्या. लुगड्यावर चुण्या पडल्या होत्या. पायरीवर कुणाचा हात न धरता ती चढली आणि वरून म्हणाली, "पळ गोजर, जागा घे! गर्दी लई हाय."

मडमेला किती कळलं कोण जाणे. ती काही बोलणार होती, पण तिनं मान खाली घातली आणि पोरीच्या मागोमाग आत गेली.

गोजरबाई घाईनं निघाली. पोरीला दिसावी म्हणून डोक्यावरचा पदर सावरत, माणसांना बाजूला सारत, खरोखर जागा धरायची असल्यासारखी ती शेवटच्या डब्याकडं गेली. मागं वळून पाहिलं तर खिडकीतून तांबडं डोकं बाहेर आलेलं होतं. गाडी हलली, की फलाटावर आपण दिसायला नको. ती गुळाच्या थप्पीच्या मागं शिरली आणि खाली बसली.

शिट्टी झाली. इंजिनानं वाफ सोडली. चाकांचा आवाज अगदी जवळून सुरू झाला. छोटी गाडी ती, तिला वेग घ्यायला वेळ लागे. एकेक डबा सावकाश पुढं सरकत होता. थप्पीच्या कडेनं डोकं जरासं काढलं असतं तर सगळं दिसलं असतं. गोजरबाई गुडघ्यांत मान घालून बसली. पुढून एक बारीक आवाज आल्यासारखा वाटला. काय म्हणाला ते चाकांच्या आवाजात कळलं नाही.

ढेपा मोजायला आलेल्या हमालाला ती दिसली.

"बाई, हितं काय करताय? गाडी गेली की!"

"सगळी गेली?"

"गेली."

"वळनाच्या पल्याड?"

हमालानं कपाळावर हात धरून लांब पाहिलं.

"अजून दिसतीया थोडी. शेवटचा डबा."

"मग बसती वाईच," गोजरबाई म्हणाली.