कोपऱ्यात टोचलेले कागद

मित्रांनो, मी एक जुनी तार आहे. विजेची नाही आणि सतारीची तर नाहीच नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला टांगलेली, पावत्या टोचून ठेवायची तार. माझ्या खालच्या टोकाला लाकडी चकती आहे आणि वरचे टोक आकड्यासारखे वळवून अणकुचीदार केलेले आहे. कागद वरून ओवायचा आणि खाली सरकवायचा, एवढेच माझे काम. मला कागदाला भोक पाडता येते, पण त्याचे वाईट वाटून घेता येत नाही. मी अशी कोरडी का बोलते, असे वाटले तर हे आठवा.

माझा जन्म सायकलच्या चाकात झाला. ते चाक एकदा खड्ड्यात आपटून वेडेवाकडे झाले, तेव्हा बाबांनी मला पक्कडीने उपटून काढले. त्या घराचे मालक सगळ्यांचे बाबा होते, म्हणून मीही त्यांना बाबाच म्हणते. त्यांच्या बायकोला सगळे आई म्हणत. कोंबडखाद्याची एक पावती उंदरांनी कुरतडली होती आणि दुकानदाराने त्या गोणीचे पैसे पुन्हा मागितले होते. आई म्हणाल्या, "कागद ठेवायला काहीतरी करून द्या, नाहीतर उद्यापासून हिशोब तुम्हीच ठेवा." ही धमकी बरोबर लागू पडली. बाबांनी जेवणाआधीच मला दगडावर घासले, वाकवले आणि खिळ्याला लटकवले.

घराला लागून भाजीची थोडी जमीन होती आणि मागच्या बाजूला जाळीच्या खुराड्यात वीस कोंबड्या होत्या. जमीन बाबा बघायचे, खुराडा आईंचा होता. दुपारची भांडी आवरली की आई माझ्याशेजारी पाट टाकून बसत. दुकानाच्या पावत्या तर त्या टोचतच, पण ज्याची पावती कुणी देत नाही त्याचीही चिठ्ठी करत. जुन्या कॅलेंडरची पाने फाडून त्यांच्या पाठीवर लिहीत. 'शेजारी अंडी, सहा, पैसे आले.' 'वांग्याच्या वाफ्याला खत, दोन पाट्या, खुराड्यातून.' 'घरी अंडी, दोन.'

बाबांना याची फार गंमत वाटे.

"घरात खाल्लेल्या अंड्याची चिठ्ठी? उद्या मी चहा पितो त्याचीही फाड."

"फाडीन की. पत्ती काय झाडाला लागते तुमच्या?"

"अगं, चहाची पत्ती झाडालाच लागते."

"तुमच्या झाडाला लागते का, ते विचारलं मी."

बाबा मुकाट्याने कप विसळायला ठेवत.

आईंची टोचायची एक रीत होती. शेताचे कागद मधोमध टोचायचे, घरखर्चाचे खालच्या कडेला आणि खुराड्याचे वरच्या कोपऱ्यात. महिनाअखेरीला माझे पोट रिकामे करून त्या फरशीवर कागदांच्या तीन थप्प्या लावत. वाचावेसुद्धा लागत नसे, भोक बघूनच कागद आपल्या थप्पीवर जाई. मग गेलेले आणि आलेले मांडायचे, बेरीज करायची, सुतळीने बांधून पत्र्याच्या पेटीत टाकायचे. कोंबड्या आपल्या पोटापुरते कमावून वर घरालाही काही देतात, हे आई त्यावरूनच ठणकावून सांगत. ही रीत त्यांनी फक्त आपल्या मुलीला, म्हणजे ताईंना, शिकवली होती. बाबांनी कधी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. त्या काळात पाहुणे मला बघून म्हणत, "काय टापटीप आहे हो!" तेवढेच माझे कौतुक.

मग आई आजारी पडल्या. शेवटची चिठ्ठी त्यांनी पाटावर बसून नाही, भिंतीला टेकून लिहिली आणि त्या महिन्याचे कागद कसेबसे बांधून पेटीत टाकले. त्यानंतर पाट भिंतीशी उभा राहिला तो राहिलाच. औषधांची बिले येऊ लागली, ती बाबा टोचू लागले. एका हातात पिशवी असे, म्हणून कागदाचा जो कोपरा हाताला येई तोच ते टोचत, वरचा. दवाखान्याचे मोठे बिलही तसेच आले. ते चार घड्या घातलेले होते, मला ते आरपार भेदायला जरा जोर लागला. त्याच दिवशी घरात खूप माणसे आली आणि आई परत आल्या नाहीत. मित्रांनो, तुम्ही विचाराल, तुला काय वाटले? काहीच वाटले नाही. बाबांनाही काही वाटत असल्याचे दिसत नव्हते. ते सकाळी उठत, खुराडा उघडत, दाणे टाकत, दुकानात जात, पावती आणत, कोपरा टोचत. अंडी शेजारी घेऊन जात, पैसे बाबांच्या खिशात जात आणि खिशातून कुठेतरी जात. खताच्या पाट्या वाफ्यात पडत होत्या, पण चिठ्ठी कुणीच लिहीत नव्हते.

महिना संपला तरी मला कुणी रिकामे केले नाही. दुसराही गेला. कागद वर चढत चढत माझ्या वळणापर्यंत आले. मला त्याचा त्रास होत नव्हता, फक्त जागा उरली नव्हती.

एकदा कोंबड्यांचा व्यापारी येऊन गेला. बाबांनी विसार घेतला आणि त्याचा कागद माझ्या टोकावर कसाबसा बसवला. सगळ्या कोंबड्या तो शनिवारी नेणार होता. आई गेल्यापासून माझ्यावर चढलेला 'पैसे आले' असा तो पहिलाच कागद होता.

शुक्रवारी ताई सासरहून आल्या. हातपाय धुऊन स्वयंपाकघरात शिरल्या आणि मला बघून दारातच थांबल्या.

"बाबा, ही तार आहे की झाडू?"

"असू दे. खुराडा विकतोय मी. तोट्यात आहे."

"कुणी सांगितलं?"

"त्या तारेलाच विचार. नुसतं जाणंच जाणं आहे, येणं एक नाही."

ताईंनी पाट घेतला, मला खाली काढले आणि कागद उपसायला लागल्या. आईंसारखे, न वाचता, भोक बघत. मधोमध टोचलेला एकही कागद नव्हता. खालच्या कडेचाही नाही. सगळे एकाच थप्पीवर गेले, खुराड्याच्या. ताईंनी बेरीज सुरू केली. आकडा फुगत चालला तसा त्यांचा चेहरा उतरला. मग एक चार घड्यांचा कागद त्यांनी उलगडला आणि बराच वेळ हातात धरला.

"बाबा, दवाखाना कोंबड्यांच्या नावावर टाकलाय तुम्ही."

"म्हणजे?"

"कोपऱ्यातलं भोक म्हणजे खुराडा. आईची रीत होती ती."

"मला कुठे माहीत?" बाबा म्हणाले. "मला आपला कोपरा सोपा पडायचा."

ताईंनी औषधांची बिले बाजूला केली. मग दिव्यांची, साबणाची, बियाणाची. उरलेली थप्पी अगदी बारकी होती.

"खाद्याची एक गोणी किती दिवस जाते?"

"घरचं उरलंसुरलं धरून महिनाभर."

"अंडी किती निघतात?"

"रोज डझनभर. कधी एखादं जास्त."

"मग गोणीचे पैसे किती दिवसांत सुटतात?"

बाबांनी बोटांवर मोजले. पुन्हा मोजले. "अठरा दिवसांत."

"आणि उरलेले दिवस? आणि वाफ्यात पडतं ते खत? तुम्ही खाता ती अंडी? त्याच्या चिठ्ठ्या कुठे आहेत?"

"चिठ्ठ्या ती लिहायची," बाबा म्हणाले.

बाहेर एक कोंबडी अंडे घातल्याची दवंडी पिटत होती.

"हिशोब तुझा बरोबर असेल," बाबा शेवटी म्हणाले. "पण सकाळी खुराडा उघडायला नको वाटतं मला. त्या माझ्याकडे बघतात आणि मग माझ्या मागे बघतात. ती येतेय का म्हणून."

ताईंचे डोळे भरले. पदराने पुसून त्या म्हणाल्या, "तर मग विका. झेपत नाही म्हणून विकताय असं सांगा, मी एक शब्द बोलणार नाही. पण तोट्यात होता म्हणून नका विकू. आईचा खुराडा तोट्यात होता, असं मी कुणाला म्हणू देणार नाही."

बाबांनी फरशीवरून विसाराचा कागद उचलला, खिशात घातला, चपला अडकवल्या आणि बाहेर गेले. परत आले तेव्हा खिसा रिकामा होता. "दिले त्याचे पैसे परत," एवढेच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ताई सासरी गेल्या. जाण्याआधी त्यांनी जुने कागद बांधून पेटीत ठेवले आणि मला पुसून खिळ्याला लावले. दवाखान्याचे बिल मात्र बाबांनी मागून घेतले.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखी एखादी तार असेल, खोका असेल, नाहीतर वही असेल. महिन्यातून एकदा तिच्याजवळ बसा. जे विकले तेही लिहा आणि जे घरातच खाल्ले तेही लिहा. कुठला कागद कुठे टोचायचा हे एकट्या माणसाच्या डोक्यात ठेवू नका, घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. गंजलेल्या तारेचे एवढे ऐका.

ताई गेल्या त्याच दुपारी बाबांनी आपले ताट धुतले आणि पाट टाकून बसले. पहिल्यांदा त्यांनी दवाखान्याचे बिल घेतले, उलटसुलट करून बघितले आणि खालच्या कडेला टोचले, घरखर्चात. मग कॅलेंडरचे पान फाडून लिहिले, 'घरी अंडी, दोन.' ते पाहत राहिले. दोन खोडले, एक केले. कागद कोपऱ्यात टोचून हळूच खाली सरकवला आणि तो चकतीपर्यंत नीट पोचला का, ते वाकून बघितले.