कल्याणचं कार्ड

"अजून आत घाल. जिभेच्या मुळाशी बघ," मी म्हणालो.

कल्याणने उजवा हात कोपरापर्यंत हरणीच्या तोंडात घातला होता. दोन गड्यांनी गायीची मान आवळून धरली होती आणि तिची लाळ त्याच्या कोपरावरून खाली गळत होती. गायीची मालकीण केशरबाई गोठ्याच्या मेढीला धरून उभी होती. गायीने कालपासून चारा-पाणी सोडलं होतं, सारखी हंबरत होती, आणि मक्याचं कणीस घशात अडकलंय यावर सगळ्या वस्तीचं एकमत झालं होतं. मलाही तेच वाटलं. अशी पन्नासेक कणसं आम्ही दोघांनी आजवर काढली असतील.

"साहेब, काय बी लागंना," कल्याण म्हणाला. "घसा मोकळा हाय. पर ही गिळतच न्हाई."

तेवढ्यात हरणी पुन्हा हंबरली. घोगरा, मध्येच फुटणारा आवाज. नोकरीत मी तो तीनदाच ऐकलाय, पण एकदा ऐकला की तो विसरता येत नाही.

"हात काढ. कल्याण, आधी हात बाहेर काढ."

त्याने काढला. तर्जनीला चिंधी गुंडाळलेली होती, लाळेने भिजलेली.

"हे काय?"

"इळा लागला काल. घास कापताना."

मी केशरबाईला विचारलं, गायीला कुत्रं चावलं होतं का. ती म्हणाली, महिन्यामागं एक कुत्रं वस्तीवर आलं होतं, शेळीच्या मागं लागलं होतं, हरणीला चावलं का ते काही तिने पाहिलं नाही. पुढचं विचारायची गरज नव्हती. हरणी पिसाळली होती.

पिशवीत हातमोजे होते हो. चांगले खांद्यापर्यंतचे. कल्याण म्हणायचा, मोजा घातला की हाताला कळत नाही, आणि मीही कधी आग्रह धरला नाही. मला स्वतःला कुठे कळायचं मोजा घालून?

मी त्याला हापशाखाली बसवलं आणि साबणाने पाव तास हात धुवायला लावला. "कातडं निघंल साहेब," तो म्हणाला. "निघू दे," मी म्हणालो. मग एका गड्याच्या मोटारसायकलवर त्याला तालुक्याच्या दवाखान्यात पाठवलं. पहिली सुई त्याने त्याच दिवशी, सोमवारी, घेतली. मला सोबत जाता आलं नाही, कारण तोवर हरणीचं दूध प्यायलेली निम्मी वस्ती माझ्याभोवती गोळा झाली होती. दूध तापवून प्यायलात का कच्चं, एवढंच मी दोन तास विचारत होतो.

मी डॉक्टर दानीएल घाटविसावे. घर नगरजवळ केडगावला, नोकरी तिसगावच्या जनावरांच्या दवाखान्यात. कल्याण आव्हाड तिथे माझा परिचर. कागदावर परिचर म्हणजे झाडलोट आणि जनावर धरणं. खरं म्हणजे अडलेलं वासरू फिरवून काढायला माझ्यापेक्षा त्याचा हात चांगला, आणि हे मी त्याला कधी तोंडावर सांगितलं नाही.

नियमांबद्दल माझं डोकं नेहमीच तापलेलं असतं. गायीच्या कानात बारा आकडी बिल्ला पाहिजे. लम्पीची साथ आली की बाजार बंद, पोळ्याची मिरवणूक बंद. ठीक आहे, त्यात काही खोटं नाही, मी स्वतः बंद केलेत. पण ज्या कुत्र्याने हरणीला हे आणलं त्याच्या कानात काय आहे? काही नाही. सुप्याच्या कारखान्यातला एक मॅनेजर त्याच्या पांढऱ्या झुबकेदार कुत्र्याचे केस गळतात म्हणून दर महिन्याला गाडी काढून माझ्याकडे येतो. त्याच्या कुत्र्याला सगळ्या लसी आहेत. आणि वस्तीवर राखणीला बांधलेल्या कुत्र्याला लस टोचा म्हटलं की लोक हसतात. मीटिंगमध्ये हे मी इतक्यांदा बोललोय की मी उभा राहिलो की लोक मोबाईल काढतात. असा मी कडक माणूस. पुढचं ऐका म्हणजे कळेल किती कडक.

हरणी बुधवारी मेली. आठ फूट खड्डा, चुना, मीठ, सगळं नियमाने केलं. केशरबाई कुंकवाची कोयरी घेऊन आली. तिला गायीच्या कपाळाला शेवटचं कुंकू लावायचं होतं. मी हात आडवा धरला.

"जवळ जायचं नाही बाई. नियम आहे."

"कुंकवालाबी नियम हाय का?"

"आहे."

तिने चिमूटभर कुंकू खड्ड्याच्या काठावरच मातीला लावलं आणि मागे सरली. तिथे मला वाईट वाटलं, पण मी माझं काम चोख केलं असंही वाटलं.

गुरुवारी दुपारी कल्याण तालुक्याहून परतला तो हसतच. दुसरं इंजेक्शन घेऊन आला होता.

"सुटलो साहेब. दोनात भागलं. आता न्हाई जायाचं."

"दोन कशी? पाच लागतात. आणि जखमेत एक वेगळं देतात, ते सीरम. ते दिलं का?"

"न्हाई. कार्ड दावलं ना त्यान्ला. ते म्हनले, तुमी आदी लस घेतलेली हाय, तुमाला दोनच पुरं."

त्याने खिशातून कार्ड काढलं. माझीच सही होती त्यावर.

हे कार्ड तीन वर्षांपूर्वीचं. आमच्यासारख्या जनावरांत वावरणाऱ्यांनी आधीच रेबीजची लस घ्यायची असा नियम आला, आणि नर्सबाई डोस घेऊन आमच्या दवाखान्यात आल्या. मी घेतली. कल्याण गायब. उधळलेला वळू एकट्याने धरणारा हा माणूस, हजारो जनावरांना सुया टोचताना ज्याने पाहिलं, तो स्वतःला सुई म्हटली की शेळी बघायला म्हणून जो जायचा तो संध्याकाळीच उगवायचा. तिन्ही वेळा हेच. आम्ही जाम हसलो त्याला. शेवटी नर्सबाईंना घाई होती, वरून यादी मागत होते, आणि मी त्यांना सांगून टाकलं की त्याने दुसरीकडे घेतलीय. यादीत नाव घातलं, कार्ड भरलं, सही केली. "जा लेका, घेतलीस तू लस," म्हणून कार्ड त्याच्या हातात दिलं. त्याने माझ्या पाया पडायचं नाटक केलं होतं.

"कल्याण," मी म्हणालो, "तुला सीरम लागेल. लस अंगात मुरेपर्यंत तेच वाचवतं. पहिल्या सुईपासून सात दिवसांच्या आत. आपण जाऊन खरं सांगू."

त्याचं हसू गेलं. "खरं म्हंजी? तुमची खोटी सही हाय म्हनून?"

"हो."

"दोन महिन्यावं रिटायरमेंट आली तुमची. चौकशी लागंल साहेब. राहू द्या. दात कुठं लागलेत तिचे? नुसती लाळ ती." आणि मग हळूच, "आनी परत सुया त्या."

मला नेमकं हेच कुणीतरी म्हणायला हवं होतं. ते त्याने म्हटलं.

शुक्रवारी तालुक्याला मीटिंग होती. दवाखाना तिथून हाकेच्या अंतरावर, पण मी गेलो नाही. शनिवारी वरचे साहेब तपासणीला आले. रविवारी मी केडगावला चर्चमध्ये बसलो आणि प्रार्थनेत कल्याणचं नाव घेतलं, मोठा उपकार केल्यासारखं. सोमवारी माझ्या पेन्शनच्या कागदांसोबत एक दाखला जोडायचा होता: या कर्मचाऱ्याविरुद्ध कोणतीही चौकशी चालू नाही. तो सोमवारी दुपारी सही होऊन आला. मंगळवारी सकाळी मी कल्याणला गाडीवर बसवलं आणि तालुक्याला गेलो.

तिथली डॉक्टर तरुण मुलगी होती. मी म्हणालो, कार्डावर नोंद चुकीची आहे, याला आधी एकही डोस मिळालेला नाही. तिने तारखा पाहिल्या. बोटांवर मोजलं.

"काल आला असतात सर, तर दिलं असतं," ती म्हणाली. "आता सात दिवस उलटले. सीरमचा उपयोग नाही. उरलेले डोस पूर्ण करू."

कल्याणने दंड पुढे केला आणि डोळे घट्ट मिटले. घाबरलेली माणसं मी खूप पाहिलीत, पण हा आपली भीती मला दिसू नये म्हणून भिंतीकडे तोंड करून बसला होता. परत येताना गाडीवर तो म्हणाला, "दुखलं न्हाई ओ फार. उगीच भीत हुतो." उरलेल्या सगळ्या सुया त्याने तारीख न चुकवता घेतल्या.

चाळीस दिवस गेले. आम्ही त्या विषयावर बोललो नाही. तो कामावर यायचा, मी त्याच्या बोटाकडे बघायचो. एकेचाळिसाव्या दिवशी सकाळी त्याची बायको सिंधू हिचा फोन आला. हातात झिणझिण्या येतायत म्हणाली, रात्रभर झोप नाही, आणि पाणी प्यायला गेलं की घसा आवळतो.

मी पोचलो तेव्हा तो ओसरीवर बसला होता, फडक्याने तोंड पुसत. माझ्याकडे बघून त्याने मान हलवली. तीस वर्षं जनावरांत काढलेला माणूस तो, त्याला मी काय सांगणार?

"साहेब," तो म्हणाला, "हरणीसारकंच हाय हे."

नगरच्या मोठ्या दवाखान्यात नेईपर्यंत मी ॲम्ब्युलन्समध्ये त्याचा तोच हात धरून बसलो होतो. खिडकी उघडी होती, वारं लागलं की त्याचा गळा आवळायचा, म्हणून मी ती लावून घेतली. मोठ्याने रडलो मी, लाज न बाळगता. त्याने मला उगी केलं. तिसऱ्या दिवशी तो गेला.

दहाव्यानंतर वरून पत्र आलं. लसीकरण कार्डावरील नोंदीबाबत आपला खुलासा सात दिवसांत सादर करावा. माझ्याबरोबरचे एक डॉक्टर, भले गृहस्थ, केडगावला घरी आले आणि मसुदा सांगून गेले. तो मी स्वच्छ अक्षरात उतरवून काढला. पण पाठवण्याआधी तो घेऊन मी कल्याणच्या घरी गेलो. का गेलो, मला नीट सांगता येत नाही. सिंधूने माफ करावं असं वाटत असणार.

सिंधू शाळेत खिचडी शिजवते, सातवीपर्यंत शिकलेली. ती पीठ चाळत होती. चाळण बाजूला ठेवून समोर बसली.

"वाचा," ती म्हणाली.

मी वाचलं. "…सदर कर्मचाऱ्याची नोंद माझ्याकडून नजरचुकीने झाली, तसेच सदर बाब संबंधित रुग्णालयास कळविण्यास अनवधानाने विलंब झाला…"

"थांबा. परत वाचा."

मी परत वाचलं.

"नजरचुकीनं म्हंजी?"

"म्हणजे… लक्षात न आल्यामुळे."

"तुमच्या ध्यानात न्हवतं?"

मी कागदाची कड दुमडू लागलो.

"मला समदं सांगितलं हुतं त्यान्नी," ती म्हणाली. "गुरवारीच सांगितलं. म्हनले, साहेबान्ला बोलू नको, सुईला मीच भ्यालो. म्या नाय बोलले. माझी बी चूकच ती. पर साहेब, सोमवारपतुर टाइम हुता ना? शुक्रवारी तुमी तिथंच हुतात मीटिंगला. मंग मंगळवार का?"

तिचा आवाज चढला नव्हता. तिला खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं.

"दाखला मिळायचा होता," मी म्हणालो. "चौकशी नसल्याचा. तो सोमवारी मिळाला."

तिने पदराने हाताचं पीठ पुसलं.

"मंग ते लिवा."

"सिंधू, ते लिहिलं तर माझी पेन्शन…"

"ठावं हाय मला. लिवा."

मी खिशातून पेन काढलं. 'नजरचुकीने' खोडलं, वर 'जाणूनबुजून' लिहिलं. 'अनवधानाने' खोडलं, आणि दाखल्याचं सगळं वारांसकट, मीटिंगसकट लिहिलं. जागा पुरली नाही, कागदाच्या मागे गेलो. अक्षर खराब आलं. मग तिला पहिल्यापासून वाचून दाखवलं. या वेळी तिने मध्ये थांबवलं नाही.

मी सही केली. तिने पेन मागून घेतलं आणि माझ्या सहीच्या खाली, एकेक अक्षर सुटं काढत, आपलं नाव लिहिलं. सिंधू कल्याण आव्हाड. कागदाची घडी घालून तिने तो माझ्या हातात दिला.

"आजच टाका," ती म्हणाली, आणि चाळण पुढ्यात ओढून घेतली.