वहीत नसलेलं नाव

"बाई, इतिहास लिव्हाल तवा माझं नाव घाला. आन् ते पान निमोण्याला माझ्या बाबुलालला वाचून दावा."

गुलशनबीनं डोळे मिटायच्या आठवडाभर आधी हे सांगितलं, आणि सुलक्षणाबाईंनी शब्द दिला होता.

केडगावजवळच्या चर्चच्या वृद्धाश्रमाला २००३ साली पंचवीस वर्षं होत होती. त्याचा इतिहास लिहायचं काम निवृत्त शिक्षिका म्हणून सुलक्षणाबाईंच्या गळ्यात पडलं. खरं तर वृद्धाश्रम काढायचं कुणाच्या मनातही नव्हतं. मिशनच्या दवाखान्यात तीस वर्षं बाळंतिणींचं करणारी गुलशनबी गुडघ्यांनी अधू झाली; भावाच्या दारी ओझं नको म्हणाली. दवाखाना चालवणाऱ्या गोऱ्या मडमेनं कोठीतली पोती हलवून तिची खाट टाकली. दुसरी खाट वर्षानं आली. निमोण्यात राहणारा धाकटा भाऊ बाबुलाल मात्र समजला, बहिणीनं धर्म सोडला. तो मयतीलाही आला नाही.

ते पान चर्चच्या मंडळीचे सेक्रेटरी विश्वजीतसर यांनी आज पाचव्यांदा परत केलं.

"बाई, पहिली रहिवासी गुलशनबी कशी? मंडळीच्या वहीत तिचा बाप्तिस्मा न्हाई."

"झालाच नाही, तर वहीत येईल कुठून?"

"मग इतिहासात कशी येईल? मी आपलं 'एक गरजू स्त्री' केलंय."

"तुमची पहिली आंघोळ तिनंच घातली, सर. तेव्हा वही बघितली होती का?"

"आज उपास वाटतं," सर हसले.

शुक्रवारच होता. उपासाला आवाज चढवायचा नाही हा बाईंचा नेम, आणि हा माणूस नेमका शुक्रवारी बोलावायचा! आधी दोन खेपा त्याला तारीख खटकली, मग मडमेचा फोटो लहान वाटला, मग शाई फिकी निघाली. बाईंनी मनात स्तोत्र धरलं, ते अर्ध्यावर सुटलं. वहीत नाव नाही, वहीत नाव नाही! आणि एकदम त्या थबकल्या.

"वहीत तिचं नाव नाही, हे लिहून द्याल?"

"धा वेळा देतो!" सरांनी लेटरहेड ओढलं. 'गुलशनबी यांचा बाप्तिस्मा या मंडळीत कधीही झालेला नाही.' पुढचं वाक्य बाईंनी सांगितलं, तेही त्यांनी तावातावानं लिहिलं: 'शेवटपर्यंत त्या मुसलमान म्हणूनच येथे राहिल्या.' वर शिक्का मारला, उमटला नाही म्हणून पुन्हा मारला.

"आता तरी पटलं?"

"पटलं. पान मात्र सहाव्यांदा येणार, नावासकट."

दुसऱ्या दिवशी सकाळची प्रार्थना आटोपून बाईंनी कागद बायबलात ठेवला, बायबल पिशवीत टाकलं. पिशवी उचलली आणि कुणाला काही न सांगता त्या न्हावऱ्याच्या एसटीसाठी चौफुल्याला निघाल्या. न्हावऱ्याच्या पुढंच निमोणं.